कायदा वेगळा, हद्दपारी मात्र तीच

अमेरिकी लष्करी न्यायालयात एखाद्या सैनिकाने ‘गुन्हा कबूल’ असे म्हटले, तर तेवढ्यावर न्यायाधीशाचे समाधान होत नाही. १९६९ सालच्या एका अपिली निकालापासून तिथे अशी पद्धत रूढ झाली आहे की, कबुली देणाऱ्याला शपथ द्यायची आणि काय केले, कुठे केले, कोणत्या हेतूने केले, आपण करतो आहोत ते बेकायदा आहे हे तेव्हा ठाऊक होते का, हे सगळे त्याच्याच तोंडून, त्याच्याच शब्दांत वदवून घ्यायचे. न्यायाधीश प्रश्नामागून प्रश्न विचारतो, उत्तर अर्धवट वाटले तर पुन्हा विचारतो, आणि सैनिकाच्या सांगण्यात निर्दोषत्वाची पुसटशी शंका दिसली तरी कबुली नाकारतो. नागरी, म्हणजे बिगर-लष्करी, न्यायालयात आरोपीला पुष्कळदा एक पळवाट असते: गुन्हा मान्य नाही, पण शिक्षेला हरकतही नाही, अशी भूमिका घेता येते. सैनिकाला ती सोय नाही. ही पद्धत मुळात त्याच्या रक्षणासाठी आहे. वरिष्ठांच्या दडपणाखाली कोणी खोटी कबुली देऊ नये, हा तिचा हेतू आहे आणि तो चांगला आहे. पण कबुली देणारा सैनिक अमेरिकेचा नागरिक नसेल, तर त्या दिवशी त्याने उच्चारलेले प्रत्येक वाक्य टंकलिखित होऊन फायलीत जाते, आणि काही वर्षांनी तीच फाइल इमिग्रेशन न्यायाधीशासमोर त्याच्या हद्दपारीचा पुरावा म्हणून उघडली जाऊ शकते.

माझा आक्षेप नेमका या जागी आहे. सैन्य हा वेगळा समाज आहे, त्याच्या शिस्तीसाठी वेगळा कायदा आणि वेगळी न्यायव्यवस्था लागते, हे अमेरिकी राज्यव्यवस्थेचे अधिकृत मत आहे; सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली ‘पार्कर विरुद्ध लेव्ही’ या खटल्यात ते स्पष्टपणे मान्य केले आणि त्याच आधारावर सैनिकाचे काही हक्क नागरिकांपेक्षा आखूड असणे योग्य ठरवले. हे मत मला अमान्य नाही. परंतु त्याच वेगळ्या, आखूड हक्कांच्या न्यायालयाने दिलेला निकाल देशाबाहेर काढण्याच्या वेळी मात्र कोणत्याही शहरी फौजदारी न्यायालयाच्या निकालाइतकाच, शब्दशः तोलला जातो. वेगळेपणाचा सगळा भार सैनिकाने सोसायचा आणि हिशेबाच्या वेळी वेगळेपण विसरायचे, ही दुटप्पी मापे आहेत.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने २०१९ साली दिलेल्या अहवालानुसार २०१३ ते २०१८ या आर्थिक वर्षांत सुमारे ४४,००० बिगर-नागरिक अमेरिकी सैन्यात भरती झाले. त्याच काळात किमान २५० माजी सैनिकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली आणि ९२ जणांना प्रत्यक्ष देशाबाहेर पाठवण्यात आले. माजी सैनिकाचे प्रकरण हाताळताना अधिक वरच्या पातळीवर विचार व्हावा, असे इमिग्रेशन यंत्रणेचेच नियम होते. ते नियम नेहमी पाळले गेले नाहीत, असेही त्या अहवालात नोंदवले आहे. या २५० जणांतले बहुतेक सेवेतून बाहेर पडल्यावर नागरी न्यायालयात दोषी ठरलेले असतील. मला बोलायचे आहे ते त्याहून कमी चर्चा झालेल्यांविषयी, म्हणजे गणवेशात असतानाच, लष्कराच्याच न्यायालयात दोषी ठरलेल्यांविषयी.

भारतीयांचा या विषयाशी संबंध जुना आहे. भगतसिंग थिंड १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात दाखल झाले आणि वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुइस येथे सेवा करून सन्मानाने बाहेर पडले. त्यांना त्याच वर्षी नागरिकत्व मिळाले आणि काही दिवसांतच रद्द झाले. पुढे मिळालेले दुसरे नागरिकत्व १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गेले, कारण त्या न्यायालयाच्या मते ते कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नव्हते. पहिल्या महायुद्धात सेवा केलेल्यांसाठी १९३५ साली वेगळा कायदा झाला तेव्हा कुठे १९३६ मध्ये, तिसऱ्या खेपेस, त्यांचे नागरिकत्व टिकले. थिंड यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. सैन्यातली सेवा आणि देशात राहण्याचा हक्क या दोन गोष्टी अमेरिकेत आपोआप जोडल्या जात नाहीत, एवढे मात्र त्यांच्या कहाणीतून तेव्हाच दिसले होते.

आजच्या मराठी घरांतही हा धागा पोहोचतो. भारतीयांना नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळायला देशनिहाय मर्यादेमुळे अनेक वर्षे लागतात. आईवडिलांना नागरिकत्व मिळेपर्यंत मूल अठरा वर्षांचे झालेले असले, तर २००० सालच्या कायद्यानुसार मुलांना आईवडिलांमागोमाग आपोआप मिळणारे नागरिकत्व त्याच्या वाट्याला येत नाही. समजा, न्यू जर्सीत वाढलेला, घरी मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलणारा असा एखादा मुलगा एकोणिसाव्या वर्षी ग्रीन कार्डावर सैन्यात गेला. २००१ पासूनचा काळ कायद्याच्या दृष्टीने युद्धजन्य मानला जात असल्याने त्याला लगेच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण त्यासाठी सन्मानपूर्वक सेवेचा दाखला देणारा एन-४२६ हा फॉर्म लष्कराकडून भरून घ्यावा लागतो. २०१७ साली संरक्षण खात्याने या दाखल्यासाठी किमान १८० दिवसांच्या सेवेची अट घातली होती. ती २०२० साली न्यायालयाने रद्द केली. मधल्या काळात प्रशिक्षण, बदली, परदेशातली मोहीम यांत अर्ज मागे पडतो. शिवाय भरतीची शपथ घेतली म्हणजे नागरिकत्व मिळालेच, असे प्रामाणिकपणे समजणारे सैनिक पूर्वीही होते आणि आजही असतात. मूळचा त्रिनिदादचा केंडेल फ्रेडरिक हा एकवीस वर्षांचा सैनिक २००५ साली इराकमध्ये ठार झाला, तो नागरिकत्वाच्या अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायला निघाला असताना. त्याच्या नावाने २००८ साली कायदा झाला आणि ठशांची प्रक्रिया सोपी झाली. एक सही किंवा एक ठसा राहून जाणे म्हणजे काय, हे त्या घटनेइतके दुसरे कशातून समजणार नाही.

आता त्या मुलाच्या हातून चूक झाली, तर पुढे काय होते ते पाहू.

लहान अपराधासाठी कमांडिंग अधिकारी लष्करी कायद्याच्या कलम १५ खाली स्वतःच शिक्षा देऊ शकतो: पगारकपात, जादा काम, पदावनती. ही फौजदारी दोषसिद्धी नव्हे. त्यावरची पायरी समरी कोर्टमार्शलची. तिथला निकालही फौजदारी दोषसिद्धी ठरत नाही, असे आता कायद्यातच लिहिले आहे. खरा धोका स्पेशल आणि जनरल या वरच्या दोन पातळ्यांच्या कोर्टमार्शलपासून सुरू होतो. १९९६ साली काँग्रेसने इमिग्रेशन कायद्यात ‘दोषसिद्धी’ची अतिशय रुंद व्याख्या केली, आणि २००८ साली इमिग्रेशन अपील मंडळाने जनरल कोर्टमार्शलचा निकाल त्या व्याख्येत बसतो असे ठरवले. इथे एक विलक्षण कोंडी तयार होते. कलम १५ ची शिक्षा नाकारून ‘माझा रीतसर खटला चालवा’ असे म्हणण्याचा हक्क, जहाजावर नेमलेले सोडले, तर प्रत्येक सैनिकाला आहे. स्वतःला निर्दोष मानणारा नागरिक-सैनिक तो हक्क बजावतो. बिगर-नागरिक सैनिकाने तो बजावला आणि खटला उलटला, तर जे प्रकरण पगारकपातीवर मिटले असते ते देशातून जाण्यापर्यंत ताणले जाऊ शकते. निर्दोषत्वाचा आग्रह धरण्याची एवढी किंमत ज्याला मोजावी लागते, तो तो हक्क वापरणारच नाही.

खटला चाललाच, तर निकाल कोण देते? अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यात गंभीर गुन्ह्यासाठी ज्यूरीचा निकाल एकमताचाच हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले. लष्करात तसे नाही. जनरल कोर्टमार्शलच्या आठ सदस्यांपैकी सहा आणि स्पेशल कोर्टमार्शलच्या चार सदस्यांपैकी तीन यांचे मत दोषी ठरवायला पुरते, आणि २०२३ साली लष्करी अपिलांच्या सर्वोच्च पीठाने हेच कायम ठेवले. हे सदस्य कोर्टमार्शल भरवणाऱ्या अधिकाऱ्यानेच नेमलेले असतात. शिस्तीच्या कारणासाठी हे चालवून घेता येईल. रणभूमीवर बारा जणांचे एकमत होईपर्यंत थांबता येत नाही, हा युक्तिवाद मी समजू शकतो. पण इमिग्रेशन न्यायालय रणभूमीवर नसते. शेजारच्या शहरात ज्या आरोपीबद्दल चारांतल्या एकाला शंका वाटली असती तर तो दोषी ठरला नसता, त्याच पुराव्यावर सैनिक दोषी ठरतो आणि त्याच निकालाने देशाबाहेर जातो.

शिक्षेच्या मोजणीत तर हा विरोध अधिकच टोचतो. इमिग्रेशन कायद्यात चोरी किंवा हिंसाचाराचा गुन्हा एक वर्ष वा अधिक कैदेचा असेल, तर तो ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ या वर्गात मोडतो. या वर्गात गेलेल्या ग्रीन कार्डधारकाला न्यायाधीशाकडे दयेची मागणीसुद्धा करता येत नाही. हद्दपारी जवळपास अटळ ठरते. स्थगित केलेली शिक्षाही या मोजणीत धरली जाते. स्पेशल कोर्टमार्शलला देता येणारी कमाल कैद पूर्वी सहा महिन्यांची होती. २००२ पासून ती बारा महिने झाली. म्हणजे लष्कराचे हे मधले न्यायालय, ज्याच्याकडे तुलनेने कमी गंभीर प्रकरणे जातात, ते आता नेमके त्या रेषेवर येऊन उभे आहे. शिवाय २०१९ पूर्वी कोर्टमार्शलमध्ये प्रत्येक गुन्ह्याची वेगळी शिक्षा देण्याची रीतच नव्हती. सगळ्या गुन्ह्यांची मिळून एकच शिक्षा ठोठावली जाई. विनापरवाना गैरहजेरी, वरिष्ठांचा अवमान आणि एक चोरी अशा तीन आरोपांवर मिळून चौदा महिने झाले असतील, तर त्यातले चोरीचे किती? याचे उत्तर मुळात दिलेच गेले नव्हते. पण ते दिले गेल्यासारखे गृहीत धरून एखाद्याचे आयुष्य ठरू शकते. आणि अशी प्रकरणे जुनी झाली म्हणून मिटत नाहीत: २००० साली कोर्टमार्शल झालेल्या एका सैनिकाला इमिग्रेशन यंत्रणेने २०१२ साली पकडले, आणि त्याच्या दोषसिद्धीचा इमिग्रेशन अपील मंडळाने लावलेला अर्थ चुकीचा होता, हे केंद्रीय अपील न्यायालयाने २०१५ साली सांगितले. मधली वर्षे त्याने कोठडीत काढली.

अमली पदार्थांचे प्रकरण याहून रोजच्या जगण्यातले आहे. सैन्यात लघवीची तपासणी अचानक होते. नाव पुकारले गेले की बाटली घ्यायची, निरीक्षकाच्या नजरेसमोर नमुना द्यायचा, झाकणावर पट्टी चिकटवून आद्याक्षरे लिहायची. सेवन केले एवढाच पुरावा तिथे गुन्ह्याला पुरतो. इमिग्रेशन कायद्यात अमली पदार्थांच्या दोषसिद्धीला एकच लहानशी सूट आहे: स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकमेव गुन्हा. बाकी जवळपास सगळ्या दोषसिद्धी हद्दपारीला पात्र ठरवतात. शनिवारी रात्री मित्रांसोबत कोकेन घेतलेला शहरी तरुण सोमवारी कामावर जातो. त्याला कोणी बाटली देत नाही. सैनिकावर ही जास्तीची नजर सैन्याच्या गरजेपोटी आहे, म्हणून तिच्यातून सापडलेल्या चुकीची किंमतही सैन्याच्या चौकटीतच चुकती व्हायला हवी.

सैनिकाला हे कोणी आधी सांगते का? १९९८ साली एका नायजेरियन वंशाच्या नौसैनिकाने, ज्याच्याकडे ग्रीन कार्ड होते, स्पेशल कोर्टमार्शलपुढे चोरीच्या कटाची कबुली दिली. त्याला तीन महिने कैद झाली आणि गैरवर्तनाच्या शेऱ्यासह सेवेतून काढण्यात आले. कबुली दिली तर हद्दपारी होणार नाही, असे आपल्या वकिलाने सांगितले होते, असे त्याचे म्हणणे. २००६ मध्ये हद्दपारीची कारवाई सुरू झाली. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध डेनेडो’ या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००९ साली पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरले की, अंतिम झालेल्या निकालातली अशी मूलभूत चूक तपासण्याचा अधिकार लष्करी अपील न्यायालयांना आहे. पुढच्याच वर्षी ‘पाडिया विरुद्ध केंटकी’ या खटल्यात, हद्दपारीचा धोका अशिलाला समजावून सांगणे हे बचाव वकिलाचे घटनात्मक कर्तव्यच आहे, असा निर्णय झाला. त्या खटल्यातला आरोपी होंडुरासमध्ये जन्मलेला, चाळीस वर्षे अमेरिकेत राहिलेला आणि व्हिएतनाम युद्धात सेवा केलेला होता. दोन्ही निकाल मोलाचे आहेत. पण ते वकिलाच्या चुकीपुरते आहेत. वकिलाने सगळे नीट सांगितले, सैनिकाला सगळे समजले, तरी त्याच्यापुढचा पर्याय बदलत नाही.

आणि शेवटचे दारही त्याच्यासाठी अरुंद आहे. हद्दपार होऊन परतलेल्या दोन माजी सैनिकांच्या कथा अमेरिकेत गाजल्या: मेक्सिकोतल्या टिहुआना येथे हद्दपार माजी सैनिकांसाठी आसरा उभा करणारे हेक्टर बाराहास आणि अफगाणिस्तानात दोनदा गेलेले मिगेल पेरेस. दोघांनाही राज्याच्या गव्हर्नरने माफी दिली आणि त्यानंतर, अनुक्रमे २०१८ व २०१९ साली, ते अमेरिकेचे नागरिक झाले. दोघेही राज्याच्या न्यायालयात दोषी ठरलेले होते, म्हणून हे शक्य झाले. कोर्टमार्शलची दोषसिद्धी कोणत्याही गव्हर्नरच्या कक्षेत येत नाही. माफी देऊ शकतात ते फक्त राष्ट्राध्यक्ष, आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तर त्या माफीनेही हद्दपारीचा आधार कायद्यानुसार आपोआप पुसला जात नाही. सन्मानाने सेवा संपवलेल्या हद्दपार सैनिकाला मृत्यूनंतर तरी राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळते. लष्करी शिक्षेत बडतर्फ झालेल्याला बहुधा तीही नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. सैन्यात लैंगिक अत्याचार होतात, घरात पत्नीला मारहाण होते, आणि त्यातल्या पीडित स्त्रियांनी न्यायासाठी फार मोठी झुंज दिली आहे. दोषी सैनिकाला दया दाखवा म्हणताना त्यांचा विसर पडतो, असे कोणी म्हणेल तर त्यात तथ्य आहे. माझे म्हणणे शिक्षा कमी करा असे नाही. बलात्काराबद्दल वीस वर्षे कैद योग्य असेल, तर ती त्याने भोगलीच पाहिजे. मात्र त्याच गुन्ह्यातला त्याचा नागरिक सहकारी वीस वर्षांनी आपल्या गावी परततो, आणि हा परततो तो लहानपणी सोडलेल्या, भाषाही धड न येणाऱ्या देशात. १८९३ पासून अमेरिकी सर्वोच्च न्यायालय हद्दपारीला शिक्षा मानत नाही. ज्याच्यावर ती येते त्याच्या लेखी तिला दुसरे नाव नाही. महाराष्ट्रात एखाद्याला तडीपार केले, तर ते काही जिल्ह्यांतून, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. तेवढ्यासाठीही आपल्याकडे नोटीस, सुनावणी आणि अपील लागते. ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’मुळे बाहेर काढलेला माणूस विशेष परवानगीवाचून आयुष्यभर अमेरिकेत पाऊल ठेवू शकत नाही. पीडितेचे रक्षण हा हेतू असेल, तर कोणाला पाठवायचे आणि कोणाला नाही हे प्रकरण पाहून ठरले पाहिजे, आणि प्रकरण पाहणे हेच तर १९९६ च्या कायद्याने बंद केले.

उपाय अवघड आहेत असे मला वाटत नाही. प्रशिक्षण संपते त्या दिवशी, परेडच्या मैदानावरच, प्रत्येक पात्र रंगरुटाला नागरिकत्वाची शपथ देता येते. अमेरिकी लष्कराने काही काळ हे करूनही दाखवले आहे. माजी सैनिकांच्या हद्दपारीला आवर घालणारे एक विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात २२० विरुद्ध २०८ मतांनी मंजूर झाले होते. त्याचा कायदा झाला नाही. तेवढी मोठी सुधारणा होईपर्यंत एक जुनी तरतूद तरी लष्करापुरती परत आणावी. १९१७ पासून १९९० पर्यंत अमेरिकेत शिक्षा ठोठावणाऱ्या न्यायाधीशाला, शिक्षा सुनावताना किंवा तीस दिवसांच्या आत, ‘या दोषसिद्धीवरून याला हद्दपार करू नये’ अशी शिफारस करता येत असे, आणि ती इमिग्रेशन यंत्रणेवर बंधनकारक असे. अमली पदार्थांची प्रकरणे तेव्हा पुष्कळशी त्याबाहेर होती. या वेळी ती आत घ्यावीत. लष्करी न्यायाधीशाइतका या अधिकाराला लायक दुसरा कोणी नाही. शिक्षा ठरवतानाच त्याच्यासमोर सैनिकाची सेवापुस्तिका असते, कुठल्या मोहिमेवर किती महिने होता त्याची नोंद असते, त्याचा सार्जंट साक्षीला आलेला असतो, मागच्या बाकावर त्याची आई किंवा बायको बसलेली असते, आणि ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तो माणूसही आपले म्हणणे त्याच खोलीत सांगून गेलेला असतो. दहा वर्षांनी इमिग्रेशन न्यायाधीशासमोर जाते ती कलमाचा क्रमांक, महिन्यांचा आकडा आणि त्या कबुलीजबाबाची टंकलिखित प्रत.